इंजिन मागे, थंडावा हवेचा: पोर्शे ९११ची पहिली पस्तीस वर्षे

बहुतेक मोटारींमध्ये ऑइल तपासायचे असेल तर इंजिन बंद करून थोडा वेळ थांबावे लागते. १९६४ ते १९९८ या काळात तयार झालेल्या पोर्शे ९११ या जर्मन स्पोर्ट्स मोटारीची रीत नेमकी उलटी आहे. गाडी आधी चांगली तापेपर्यंत चालवायची, सपाट जागी उभी करायची, इंजिन चालूच ठेवायचे आणि मग डिपस्टिक बाहेर काढून पातळी पाहायची. नव्या मालकाला हा प्रकार चमत्कारिक वाटतो आणि घाईघाईत थंड इंजिनावर मोजणी करून तो गरजेपेक्षा जास्त ऑइल ओतून बसतो. या उलट्या रीतीमागचे कारण समजून घेतले, तर ही मोटार इतरांपेक्षा वेगळी का आहे याचे अर्धे उत्तर हाती येते. या गाडीचे ऑइल इंजिनाच्या तळाशी साचून राहत नाही, ते एका वेगळ्या टाकीत असते. इंजिन चालू असताना एक पंप ते टाकीतून इंजिनात ढकलतो आणि दुसरा पंप ते गोळा करून पुन्हा टाकीत आणतो. इंजिन बंद पडले की त्यातले काही ऑइल इंजिनात उतरते आणि टाकीतली पातळी खोटे बोलू लागते. एवढा खटाटोप अशासाठी, की या इंजिनात पाणी नाही, आणि उष्णता बाहेर वाहून नेण्याचे बरेचसे काम ऑइलकडे आहे.

पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते तिचा जेमतेम चौथा ते तिसरा हिस्सा गाडी पुढे नेण्याच्या कामी येतो. बाकीची उष्णता एक्झॉस्टमधून किंवा इंजिनाच्या धातूतून बाहेर पडते. धातूत साठलेली उष्णता वेळीच काढली नाही तर पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये अडकतो. नेहमीच्या मोटारीत सिलिंडरभोवती पाणी खेळवतात, ते तापले की रेडिएटरमध्ये नेतात आणि तिथे वाऱ्यावर निववतात. म्हणजे पाण्यावर थंड होणारे इंजिनही आपली उष्णता शेवटी हवेलाच देते, मध्ये पाणी हा दलाल असतो एवढेच. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात हा दलाल वगळलेला असतो. प्रत्येक सिलिंडरच्या बाहेरच्या अंगाला धातूच्या पातळ चकत्या एकाखाली एक ओतलेल्या असतात. त्यामुळे हवेला भिडणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो आणि उष्णता थेट वाऱ्यावर जाते.

मोटरसायकलचे इंजिन उघड्यावर असते, त्यामुळे तिला समोरून येणारा वारा पुरतो. मोटारीच्या झाकलेल्या पोटात वारा आपणहून पोहोचत नाही, तो पंख्याने ढकलावा लागतो. ज्यांनी चेतक स्कूटरच्या उजव्या बाजूचे झाकण कधी उघडले असेल, त्यांनी ही युक्ती पाहिलेलीच आहे. तिथे फ्लायव्हीलवरच पंख्याची पाती असतात आणि पत्र्याच्या आवरणातून ती हवा सिलिंडरवर सोडली जाते. ९११च्या इंजिनावर हेच काम मोठ्या प्रमाणावर चालते. मागचे झाकण उचलले की सर्वांत आधी दिसतो तो हा पंखा. सुरुवातीच्या इंजिनांत तो ११ पात्यांचा होता, आणि त्याच्या मधोमध विजेचा अल्टरनेटर बसवलेला होता. इंजिनावरून येणारा पट्टा दोघांना फिरवतो आणि फायबरग्लासच्या आवरणातून हवा खाली सहाही सिलिंडरवर ओतली जाते. हा पट्टा तुटला तर गाडी ताबडतोब उभी करण्याखेरीज गत्यंतर नसते.

मग पाणीच का वापरले नाही? याचे उत्तर ९११च्या आधीच्या दोन गाड्यांमध्ये आहे. १९३०च्या दशकात फर्डिनांड पोर्शे यांनी जर्मनीतील सामान्य माणसासाठी जी स्वस्त मोटार आखली, ती पुढे बीटल म्हणून जगभर ओळखली गेली. तिचा अपेक्षित ग्राहक गाडी रस्त्यावर उघड्यावर ठेवणारा होता, आणि जर्मनीतल्या हिवाळ्यात रात्रभर बाहेर उभ्या राहिलेल्या गाडीतले पाणी गोठून इंजिनाला तडे जाऊ शकत होते. पाणीच नसले की गोठण्याचा, गळण्याचा आणि उकळण्याचा असे तिन्ही प्रश्न एकदम मिटतात. (बोरघाटात बॉनेट उघडून वाफाळत उभ्या असलेल्या जुन्या मोटारी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व सांगायला नको.) इंजिन मागे ठेवल्याने चाकांपर्यंत शक्ती पोहोचवणारा लांब दांडा वाचत होता आणि गाडी हलकी व स्वस्त होत होती. ही मोटार नाझी राजवटीच्या आश्रयाने उभी राहिली आणि तिच्या कारखान्यात युद्धकाळात सक्तीने आणलेल्या मजुरांना राबवले गेले. या गाड्यांच्या गौरवपर इतिहासातून ही बाजू पुष्कळदा सोयीस्करपणे गळते, म्हणून ती इथे नोंदवणे आवश्यक वाटते.

युद्ध संपल्यावर फर्डिनांड पोर्शे काही काळ फ्रान्सच्या कैदेत होते. युद्धानंतरच्या त्या वर्षांत ऑस्ट्रियातील ग्म्युंड या लहानशा गावी त्यांचे चिरंजीव फेरी पोर्शे यांनी बीटलचे सुटे भाग वापरून एक छोटी स्पोर्ट्स मोटार तयार केली. ८ जून १९४८ रोजी तिला रस्त्यावर चालवण्याचा परवाना मिळाला. ही पहिली पोर्शे ३५६. या पहिल्या गाडीत इंजिन मागच्या चाकांच्या पुढे, म्हणजे जवळजवळ मध्यभागी होते. वजनाचा तोल साधण्यासाठी ती जागा उत्तम असते आणि शर्यतीच्या बहुतेक मोटारींत आजही इंजिन तिथेच असते. मात्र विक्रीसाठी गाड्या बनवण्याची वेळ आली तेव्हा ते मागच्या आसाच्याही पलीकडे सरकवले गेले, कारण त्यामुळे खर्च वाचत होता आणि पुढच्या आसनांमागे लहान मुलांना किंवा सामानाला जागा मिळत होती. इंजिनाच्या जागेवरून ९११ला पुढे पन्नास वर्षे टोमणे ऐकावे लागले. ही जागा कंपनीने अजाणतेपणी निवडली नव्हती, हे यावरून स्पष्ट होते. योग्य जागा माहीत असूनही व्यवहार पाहून दुसरी स्वीकारली गेली, आणि तिची किंमत अभियंत्यांच्या पुढच्या पिढ्यांनी हप्त्याहप्त्याने चुकती केली.

३५६ची जागा घेणारी मोटार १२ सप्टेंबर १९६३ रोजी फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडली गेली, तेव्हा तिचे नाव ९०१ होते. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर फ्रान्समध्ये आपला हक्क असल्याचे पुढच्या वर्षी प्यूजो कंपनीने सांगितले आणि पोर्शेने शून्याच्या जागी एक घालून वाद मिटवला. तोपर्यंत ९०१ या नावाच्या ८२ गाड्या तयार झालेल्या होत्या. गाडीचे रूप फेरी यांचे चिरंजीव फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे यांनी ठरवले. पुढच्या दोन चाकांवर उंचावलेले गोल दिवे, त्यांच्या मधून खाली उतरत गेलेले झाकण, आणि टपापासून मागच्या बंपरपर्यंत एकाच रेषेत ओघळणारी पाठ, एवढ्यावर हे रूप उभे आहे. पुढे रेडिएटर नाही म्हणून नाकावर जाळी नाही, आणि इंजिन आडवे व बुटके आहे म्हणून पाठ इतकी खाली उतरू शकते. ज्याला लोक सौंदर्य म्हणतात त्यातला मोठा भाग यंत्ररचनेनेच आखून दिलेला आहे.

त्या इंजिनाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. त्यात सहा सिलिंडर आहेत, तीन डावीकडे आणि तीन उजवीकडे, सगळे आडवे. समोरासमोरचे पिस्टन एकाच वेळी बाहेर जातात आणि एकाच वेळी आत येतात. दोन मुष्टियोद्धे एकमेकांच्या हातमोज्यांवर ठोसे देत आहेत असे ते दृश्य असल्यामुळे या रचनेला बॉक्सर म्हणतात. एका बाजूचा धक्का दुसरी बाजू खोडून काढते, त्यामुळे इंजिन फारसे थरथरत नाही, आणि त्याचे वजन जमिनीलगत राहते. कंपनीचे अभियंते फर्डिनांड पिएश आणि हान्स मेत्सगर यांच्या हाताखालून गेलेल्या या इंजिनाची पहिली आवृत्ती १,९९१ घन सेंटिमीटरची आणि १३० अश्वशक्तीची होती, आणि ती गाडीला ताशी २१० किलोमीटरपर्यंत नेत असे. सिलिंडर एकाच ठोकळ्यात कोरलेले नसून प्रत्येक स्वतंत्र ओतलेला आहे आणि दोन शेजाऱ्यांच्या केंद्रांमध्ये ११८ मिलिमीटर अंतर आहे. मधून हवेला वाट हवी, म्हणून असे अंतर ठेवावेच लागते. या मोकळ्या जागेचा पुढे फार उपयोग झाला. अंतर तेच ठेवून सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटरवरून १०० मिलिमीटरपर्यंत वाढवता आला आणि दोन लिटरचे इंजिन यथावकाश ३.६ लिटरचे झाले.

आता वजनाचा प्रश्न. ९११चे साधारण ६० टक्के वजन मागच्या चाकांवर पडते. याचा अर्थ समजण्यासाठी कॅरिअरवर धान्याचे पोते बांधलेल्या सायकलची कल्पना करावी. चढावर किंवा चिखलात तिचे मागचे चाक घट्ट पकड घेते, कारण वजन त्यावरच आहे. मात्र वेगात वळण घेताना पोते आपल्या जुन्या दिशेने जाऊ पाहते आणि सायकलचे शेपूट बाहेर खेचते. ९११मध्ये पोत्याच्या जागी इंजिन आहे. वळणाच्या मधोमध चालकाने घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला की गाडीचा भार पुढे झुकतो, मागची चाके हलकी होऊन त्यांची पकड सुटते आणि मागे लटकलेले इंजिन गाडीला लट्टूसारखे फिरवते. जे स्वाभाविक वाटते तेच इथे घातक ठरते. म्हणून या गाडीच्या जाणकारांचा पाठ असा, की ब्रेक वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर मारावा, वळणात शांतपणे शिरावे आणि एकदा शिरले की ॲक्सिलरेटर हळूहळू दाबत जावे. तो दाबला की भार मागच्या चाकांवर बसतो आणि गाडी रस्त्याला चिकटून अशा जोमाने बाहेर पडते, की पुढे इंजिन असलेली मोटार तिथे मागे राहते. माझ्या मते या मोटारीच्या मोहिनीचे मर्म इथेच आहे. ती चालकाला शिस्त लावते, आणि शिस्त पाळणाऱ्याला प्रत्येक वळणावर त्याचा मोबदला देते.

याच स्वभावामुळे बर्फाळ घाटांतल्या रॅलीत तिचे फावले. मॉन्टे कार्लो रॅली १९६८ साली व्हिक एलफर्ड यांनी आणि १९६९ व १९७० साली ब्यर्न वाल्डेगॉर्ड यांनी ९११मधूनच जिंकली. निसरड्या रस्त्यावर इतरांची चाके जागीच फिरत असताना हिची मागची चाके इंजिनाच्या भाराखाली पकड धरून होती.

सामान्य ग्राहक मात्र रॅलीचा चालक नसतो, त्यामुळे कंपनीने उपाय शोधायला लगेच सुरुवात केली. पहिला उपाय गावठी म्हणावा असा होता: पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांत ओतीव लोखंडाची वजने दडवली गेली. १९६८ साली मागची चाके ५७ मिलिमीटर मागे सरकवण्यात आली, म्हणजे इंजिन तिथेच ठेवून चाकेच त्याच्याजवळ नेली, आणि एका मोठ्या बॅटरीऐवजी दोन लहान बॅटऱ्या पुढच्या दोन कोपऱ्यांत बसवल्या. १९७२च्या आवृत्तीत ऑइलची टाकीही मागच्या उजव्या चाकाच्या पुढे आणली गेली आणि ती भरण्यासाठी बाहेरच्या पत्र्यावर एक छोटे झाकण दिले. विचार अगदी योग्य होता, पण पंपावरच्या पोऱ्यांनी ते पेट्रोलचे झाकण समजून ऑइलच्या टाकीत पेट्रोल ओतायला सुरुवात केली, आणि वर्षभरातच टाकी मुकाट्याने जुन्या जागी गेली.

१९७२च्याच ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आलेली कॅरेरा आरएस २.७ ही अनेकांच्या लेखी सर्वांत सुंदर ९११ आहे, आणि तिचे सर्वांत ठळक अंग पुन्हा मागच्या बाजूच्याच अडचणीतून जन्मले आहे. ओघळत्या पाठीवरून वाहणारी हवा वेगात गाडीचा मागचा भाग वर उचलते, आणि आधीच चंचल असलेली बाजू आणखी हलकी होते. त्यावर उपाय म्हणून इंजिनाच्या झाकणाला बदकाच्या शेपटीसारखी वर वळलेली कड दिली गेली. शर्यतीच्या नियमांसाठी अशा ५०० गाड्या विकणे आवश्यक होते आणि त्या खपतील की नाही याची विक्री विभागाला धास्ती होती. प्रत्यक्षात १,५८० गाड्या तयार कराव्या लागल्या. २१० अश्वशक्ती आणि हलक्या आवृत्तीत अवघे ९६० किलो वजन, हे प्रमाण त्या काळात विलक्षण होते.

यानंतरचा मोठा टप्पा १९७४च्या टर्बोचा. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या झोताने फिरणारी चक्की, जी इंजिनात जास्तीची हवा कोंबते. त्या काळच्या टर्बोला वेग घेण्यास वेळ लागत असे, त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर काहीच घडत नसे आणि मग २६० अश्वशक्ती एकदम अंगावर येत. हा क्षण वळणाच्या मधोमध आला तर काय होई, हे वर सांगितलेल्या पोत्यावरून ताडता येईल. या गाडीला ‘विधवा करणारी’ असे टोपणनाव पडले ते उगाच नाही. त्याच सुमारास अमेरिकेतील नियमांसाठी पुढेमागे जाड, दबणारे बंपर आले आणि १९७०च्या दशकाच्या मध्यापासून सांगाड्याच्या पत्र्यावर जस्ताचा थर देणे सुरू झाले. हा बदल दिसायला किरकोळ असला तरी जुन्या ९११ आज इतक्या संख्येने जिवंत असण्यात त्याचा वाटा मोठा आहे. त्याआधीच्या गाड्या गंजाने पार पोखरलेल्या सापडतात.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस कंपनीने या गाडीला निरोप द्यायचे जवळपास ठरवले होते. प्रमुख अर्न्स्ट फुअरमान यांना भविष्य ९२८ या मोटारीत दिसत होते. तिचे आठ सिलिंडरचे इंजिन पुढे होते आणि ते पाण्यावर थंड होत असे. १९८१ साली पीटर शुत्स हे नवे प्रमुख आले. त्यांनी पुढे अनेकदा सांगितलेली आठवण अशी, की अभियांत्रिकी विभागाचे प्रमुख हेल्मुथ बॉट यांच्या दालनातील तक्त्यावर इतर मोटारींच्या रेषा पुढे जात होत्या आणि ९११ची रेषा त्याच वर्षी संपत होती. शुत्स यांनी लेखणी उचलली, ती रेषा तक्त्याच्या कडेपर्यंत नेली आणि तिथून भिंतीवर ओढली. पुढच्या दोन-तीन वर्षांतच उघड्या टपाची आवृत्ती आणि ३.२ लिटरचे नवे इंजिन बाजारात आले.

१९८८ साली आलेल्या ९६४ या पिढीत ८५ टक्के भाग नवे असल्याचे कंपनीने सांगितले, पण बाहेरून ती ओळखीची होती आणि पंखा जागच्या जागी होता. चारही चाकांना शक्ती देणारी कॅरेरा ४ याच पिढीतली. १९९३च्या ९९३मध्ये मागच्या चाकांची जोडणीच नव्याने रचली गेली. पूर्वी पाय उचलल्यावर चाकांची दिशा किंचित बिघडत असे आणि शेपूट सुटायला मदत होई. नव्या रचनेत अनेक लहान दांडे चाकाला असे धरून ठेवतात, की त्याच प्रसंगी ते गाडीला सावरते. म्हणजे तीस वर्षांनी मागच्या इंजिनाचा उपद्रव खऱ्या अर्थाने आटोक्यात आला आणि त्यानंतर पाचच वर्षांत हवेवरच्या इंजिनाचा काळ संपला.

तो का संपला, याचे उत्तर पुन्हा उष्णतेत आहे. इंजिनाची शक्ती वाढवून धूर कमी करायचा असेल तर प्रत्येक सिलिंडरला दोनऐवजी चार झडपा देणे हा सर्वमान्य मार्ग आहे. चार झडपा बसवल्या की त्यांच्या मधोमध धातूचा एक अरुंद, प्रचंड तापणारा पट्टा उरतो. तिथे पाणी खेळवता येते, पण चकत्या काढता येत नाहीत आणि वारा पोहोचत नाही. ठरावीक आकारमानाचे पाणी तेवढ्याच हवेच्या सुमारे ३,५०० पट उष्णता सामावते, हा निसर्गनियम कोणत्याही पंख्याने बदलत नाही. पोर्शेच्या शर्यतीच्या मोटारींत आणि १९८०च्या दशकातील ९५९मध्ये म्हणूनच सिलिंडर हवेवर पण त्यांचे माथे पाण्यावर, अशी तडजोड केलेली होती. दुसरी अडचण आवाजाची होती. पाण्याचे आवरण इंजिनाचा खडखडाट गिळून टाकते. हवेवरच्या इंजिनाला ते आवरण नसते, शिवाय त्याचे तापमान जास्त वरखाली होते म्हणून भागांमध्ये मोकळीक अधिक ठेवावी लागते, आणि त्यात पंख्याच्या घोंघावण्याची भर पडते. युरोपातील आवाजाचे नियम वर्षागणिक कडक होत होते. तिसरे कारण पैशाचे. १९९०च्या दशकाच्या आरंभी कंपनी डबघाईला आली होती आणि बॉक्स्टर या स्वस्त मोटारीशी भाग वाटून घेणारी नवी ९११ तिला परवडणार होती. पाण्यावर थंड होणारी ९९६ ही पिढी १९९७ साली आली आणि १९९८मध्ये ९९३चे उत्पादन थांबले.

आवाजाची जी मिसळ नियमांना खटकत होती, तिच्यासाठीच आज रसिक वाटेल ती किंमत मोजतात. थंड सकाळी इंजिन सुरू होताच धातूची कोरडी टकटक, पंख्याची शिट्टी आणि मागून येणारी खर्जातली घरघर एकदम ऐकू येते. हीटर लावला तर एक्झॉस्टभोवती तापलेली हवा आत येते आणि कुठे ऑइल झिरपत असेल तर त्याचा वासही सोबत येतो. जमिनीतून वर आलेली पेडल, समोरची पाच गोल मापके आणि त्यांत मधोमध वेगाऐवजी इंजिनाचे फेरे दाखवणारे सर्वांत मोठे मापक, या गोष्टी पहिल्या पिढीपासून शेवटच्या पिढीपर्यंत टिकल्या. १९६५ची गाडी चालवणारा माणूस १९९५च्या गाडीत बसला तरी त्याचा हात किल्लीसाठी स्टिअरिंगच्या डावीकडेच जाईल.

पाण्याबरोबर गाडीचा आत्मा गेला, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. तो आत्मा मागच्या आसापलीकडे टांगलेल्या वजनात असेल, तर ते वजन आजच्या ९११मध्येही तिथेच आहे. ९९६ आल्यावरही मेत्सगर यांच्या जुन्या इंजिनाचा धागा तुटला नाही. त्याचे सिलिंडर पहिल्यापासूनच सुटे असल्यामुळे जुन्याच धाटणीच्या क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या मधल्या कवचावर, पाण्याचे आवरण असलेले नवे सिलिंडर चढवता आले, आणि शर्यतींशी नाते सांगणाऱ्या जीटी३ व टर्बो या आवृत्त्यांमध्ये ते इंजिन पुढेही चालू राहिले. रस्त्यावर चालवायच्या गाडीत ते शेवटचे २०११ साली जीटी३ आरएस ४.०मध्ये बसवले गेले, तेव्हा त्याचे आकारमान चार लिटर, शक्ती ५०० अश्वशक्ती, आणि दोन शेजारच्या सिलिंडरांमधले अंतर तेच ११८ मिलिमीटर होते.